अक्षयनीवी : शिकलेल्यांचे देणे

(संस्थेच्या वर्षावास समाप्ती मेळाव्यात माजी विद्यार्थी समितीच्या वतीने केलेले भाषण)



आम्ही माजी विद्यार्थी समितीची माणसे आहोत. आमच्यापैकी कोणी बँकेत आहे, कोणी शाळेत शिकवतो, कोणी रेल्वेत आहे, एकदोघे परदेशातही आहेत. परंतु आम्ही सारे याच विहाराच्या मागच्या खोलीतल्या अभ्यासिकेत, एका बल्बखाली बसून शिकलो. तेव्हा घरी दिवा होता, पण जागा नव्हती. म्हणून आज येथे उभे राहून बोलताना आम्हांला पाहुण्यासारखे बोलता येणार नाही. हिशेब द्यावा तसे बोलावे लागेल. त्यात आमच्या चुकाही येतील.

आज वर्षावास संपतो आहे. वर्षावास संपला की भिक्खूसंघाला चीवरदान करण्याची परंपरा आपल्याला ठाऊक आहे. याच चीवराशी जोडलेली एक जुनी हकिकत आधी सांगतो, कारण आमचा सगळा विषय तिच्यात आहे.

नाशिकला त्रिरश्मी डोंगरावर लेणी आहेत. लोक त्यांना पांडवलेणी म्हणतात, पण ती बौद्ध लेणी आहेत हे आपण जाणतो. त्यांतल्या दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा हा लेख आहे. त्यात लिहिले आहे की, उषवदाताने हे लेणे संघाला दिले आणि त्यासोबत ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, 'अक्षयनीवी' म्हणून ठेवली. ही रक्कम त्याने संघाच्या हाती दिली नाही. गोवर्धन नगरातल्या कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे विणकरांच्या दोन संघटनांकडे, ती ठेव म्हणून ठेवली. २००० कार्षापण एका श्रेणीकडे, महिन्याला शेकडा १ व्याजाने. १००० दुसऱ्या श्रेणीकडे, महिन्याला शेकडा पाऊण व्याजाने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज वापरायचे, असे त्यात स्पष्ट कोरले आहे. आणि २००० च्या व्याजातून, त्या लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्खूंना प्रत्येकी १२ कार्षापण चीवरासाठी द्यायचे.

विद्यार्थी मित्रांनो, हे गणित तुम्ही करून पाहा. २००० वर महिन्याला शेकडा १ म्हणजे २०. वर्षाचे झाले २४०. आणि २० भिक्खूंना प्रत्येकी १२ म्हणजेही २४०. एक नाणे कमी नाही, एक जास्त नाही. दान देणाऱ्याने आधी गरज मोजली आणि त्यावरून मुद्दल ठरवले. शिवाय ही गोष्ट नगरसभेत जाहीर करून नोंदवली गेली, असेही लेखात आहे. म्हणजे गरज किती, रक्कम किती, कोणाकडे ठेवली, व्याज किती, खर्च कशावर, आणि साक्ष कोणाची, हे सारे दगडावर कोरलेले आहे. आजच्या कोणत्याही संस्थेच्या ताळेबंदाने यातून शिकावे.

त्याच लेण्यात पुढच्या काळातला आणखी एक लेख आहे. विष्णुदत्ता नावाच्या एका शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधोपचारासाठी अशीच कायमची ठेव कारागिरांच्या श्रेणींकडे ठेवली. त्यांत तेल्यांचीही श्रेणी होती. म्हणजे राजाच्या जावयाने द्यावे आणि इतरांनी पाहावे असा तो मामला नव्हता. एक उपासिकाही देत होती, आणि कोष्टी-तेली त्या पैशाचे विश्वस्त होते.

आज ज्याला इंग्रजी शिकलेली मंडळी एन्डोमेंट म्हणतात, ती कल्पना आपल्याकडे परकी नाही. ती आपल्या डोंगरात कोरलेली आहे. आपल्याला फक्त चीवराच्या जागी महाविद्यालयाची फी ठेवायची आहे.

आता ही गरज का निर्माण झाली ते सांगतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. आपल्याच वस्तीतली एक मुलगी. वडील गवंडीकाम करणारे, आई धुणीभांडी करणारी. मुलीला अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला तेव्हा आपण याच सभागृहात तिचा शाल व पुष्पगुच्छ देऊन सत्कार केला. आमच्यापैकी दोघांनी त्या दिवशी भाषणेही केली. शिष्यवृत्तीचा अर्ज तिने वेळेवर भरला होता. पण पैसे वेळेवर आले नाहीत. महाविद्यालयाने थकबाकी भरल्याशिवाय परीक्षेचा अर्ज घेणार नाही असे सांगितले. रक्कम होती ११ हजार. वडिलांनी मुकादमाकडून उचल मागितली, ती मिळाली नाही. मुलीने ती परीक्षा दिली नाही. घरी बसून काय करायचे म्हणून एका कारखान्यात पॅकिंगच्या कामाला लागली, आणि परत गेलीच नाही. शिष्यवृत्ती पुढे मंजूर झाली, परंतु तोवर ती विद्यार्थिनी राहिली नव्हती.

आम्हांला हे कधी कळले? आठ महिन्यांनी. तिच्या आईने आमच्यापैकी एकाच्या घरी सहज सांगितले. "तुम्ही आम्हांला का नाही सांगितले?" असे विचारल्यावर ती माउली म्हणाली, "दादा, सत्कार केला होता ना तुम्ही. पुन्हा मागायला यायची लाज वाटली."

बंधू-भगिनींनो, हे वाक्य आम्हांला आजही झोपू देत नाही. कारण ज्या महिन्यात तिला ११ हजार हवे होते, त्याच महिन्यात आपण एका कार्यक्रमाचा मंडप, रोषणाई आणि ध्वनिक्षेपक यांवर त्याच्या कितीतरी पट खर्च केला होता. तो खर्च आम्हीच मंजूर केला होता. उत्सवाला आमचा विरोध नाही. परंतु ज्या महामानवाच्या नावाने रोषणाई केली, तो कोणाच्या तरी शिष्यवृत्तीवर शिकला होता, हे आपण विसरलो.

बाबासाहेबांची ती कहाणी आपण पाठ केली आहे. पण ती पैशाच्या अंगाने पुन्हा एकदा पाहू. मॅट्रिक झाल्यावर पुढे शिकवायला सुभेदार रामजींकडे पैसा नव्हता. कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी शब्द टाकला आणि सयाजीराव महाराजांनी महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती दिली. त्यातून एल्फिन्स्टन महाविद्यालयाचे शिक्षण झाले. मग १९१३ मध्ये बडोदा संस्थानाचीच शिष्यवृत्ती घेऊन ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षांची, आणि परत आल्यावर दहा वर्षे संस्थानाची नोकरी करण्याचा करार. या तीन वर्षांनी देशाला घटनेचा शिल्पकार दिला.

पण पुढचा भाग ध्यानात घ्या. करार पाळण्यासाठी बाबासाहेब १९१७ मध्ये बडोद्यास गेले, तर त्यांना राहायला घर मिळाले नाही. पारशी सराईतून हाकलले गेले. म्हणजे फीचे पैसे मिळाले तरी डोक्यावर छप्पर आणि पाठीशी माणसे नसतील तर शिक्षणाचा उपयोग होऊ दिला जात नाही, हा धडा त्यांनी स्वतः भोगून घेतला. त्यांचे लंडनचे अपुरे शिक्षण पुरे झाले तेही सिडनेहॅम महाविद्यालयातल्या प्राध्यापकीच्या पगारातून साठवलेल्या पैशांवर, शाहू महाराजांच्या मदतीवर आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेल्या कर्जावर.

आणि स्वतः उभे राहिल्यावर बाबासाहेबांनी काय केले? २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली आणि ४ जानेवारी १९२५ रोजी सभेचे पहिले वसतिगृह सोलापूरला सुरू केले. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४२ च्या ऑक्टोबरमध्ये अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी सरकारपुढे निवेदन ठेवले. १९४४ पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती मिळू लागली, ती आजतागायत चालू आहे. ८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, पुढे मिलिंद म्हणून प्रसिद्ध झालेले महाविद्यालय सुरू झाले. २५ रुपयांच्या शिष्यवृत्तीचा एक विद्यार्थी हजारो विद्यार्थ्यांचा आधार झाला. माजी विद्यार्थी कसा असावा, याचा याहून मोठा नमुना आम्हांला तरी माहीत नाही.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी तर पैसा नसतानाही हे करून दाखवले. १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन झाली, १९२४ मध्ये साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह निघाले. मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंचे दागिने, मंगळसूत्रसुद्धा गेले. गावोगावच्या बायाबापड्यांनी रोज मूठभर धान्य बाजूला काढून मुष्टिफंड दिला. एका मुठीने कोणाचेच पोट भरत नाही. परंतु ती मूठ रोज निघते, चुकत नाही, म्हणून वसतिगृह चालते. आमच्या योजनेचे सारे मर्म या 'रोज निघते' या दोन शब्दांत आहे.

आता काही शंका घेऊ, कारण त्या आमच्याच मनात आधी आल्या होत्या.

पहिली शंका अशी की, सरकार शिष्यवृत्ती देते, मग आपण कशाला? प्रथम हे स्वच्छ सांगतो की, सरकारी शिष्यवृत्ती हा आपला हक्क आहे. आपला निधी त्याला पर्याय नाही आणि तसे कोणी म्हणू लागले तर आपण विरोध केला पाहिजे. डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी पाच वर्षांकरिता ५९,०४८ कोटींची योजना मंजूर केली, त्यात ६० टक्के वाटा केंद्राचा धरला. एवढी रक्कम कोणती संस्था उभी करील? तेव्हा अर्ज भरणे, जातीचा व उत्पन्नाचा दाखला वेळेवर काढणे, आधारशी बँक खाते जोडणे, आणि पैसे अडले तर पाठपुरावा करणे, हे आपले पहिले काम. परंतु प्रवेश जुलै-ऑगस्टमध्ये असतो आणि पैसे कधी येतील ते कोणी सांगू शकत नाही. त्या मधल्या दिवसांत मुले गळतात. शिवाय खानावळ, खोलीचे भाडे, प्रवास, उपकरणे, पुस्तके यांचा खरा खर्च निर्वाहभत्त्यात बसत नाही. हक्क आणि हातात पडलेला पैसा यांच्यामध्ये जी दरी आहे, ती भरून काढण्यासाठी आपला निधी.

दुसरी शंका अशी की, असे निधी श्रीमंतांच्या संस्थांनी करावेत. खरे आहे, तिकडे मोठे आकडे दिसतात. पवईच्या आयआयटीला २०२३ च्या जूनमध्ये तिचे माजी विद्यार्थी नंदन निलेकणी यांनी ३१५ कोटी रुपये दिले. त्याच वर्षीच्या डिसेंबरात १९९८ च्या तुकडीने मिळून ५७ कोटी देण्याचे ठरवले. आनंदाची गोष्ट आहे. परंतु यातून एक सत्यही दिसते. ज्या संस्थेतून सधन माणसे बाहेर पडतात तिच्याकडे पैसा परत येतो, आणि जिच्यातून पहिल्या पिढीचे कारकून, शिक्षक, परिचारिका बाहेर पडतात तिच्याकडे येत नाही, कारण त्या पहिल्या पगारावर धाकट्या भावंडांचे शिक्षण, बहिणीचे लग्न, वडिलांचे औषध आणि घराचे कर्ज असते. आमचीही तीच स्थिती होती आणि आहे. म्हणून आपण आकड्यांत त्यांची बरोबरी करायला जाऊ नये. आपण संख्येने आणि नियमितपणाने उभे राहावे.

साधा हिशेब पाहा. या संस्थेच्या आधाराने शिकलेल्यांपैकी २०० जणांनी महिन्याला २०० रुपये दिले, तर महिन्याचे ४० हजार आणि वर्षाचे ४ लाख ८० हजार होतात. २०० रुपये म्हणजे दिवसाला सात रुपयेसुद्धा नाहीत. चहाही त्यात येत नाही. १५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भाषणात बाबासाहेबांनी धम्मकार्यासाठी उत्पन्नाचा विसावा हिस्सा देण्याचा निर्धार करायला सांगितले. महिना ४० हजार मिळवणाऱ्याचा विसावा हिस्सा २००० होतो. आम्ही त्याचा दहावा भागच मागत आहोत.

तिसरी शंका सर्वांत अवघड आहे. पैसे ठेवणार कोण? आणि येथे आम्हांला आमची चूक कबूल करायची आहे. पूर्वी एकदा आपण असाच शिक्षणनिधी गोळा केला होता. ज्येष्ठांना आठवत असेल. एका पावसाळ्यात सभागृहाचे पत्रे उडाले, आणि 'तात्पुरते घेऊ, नंतर भरू' असे म्हणून त्या निधीतून छप्पर केले. एक पैसाही कोणी खिशात घातला नाही. पण तो पैसा परत भरला गेला नाही आणि निधी संपला. देणाऱ्यांनी पुढच्या वर्षी विचारले, तेव्हा आम्ही खाली मान घातली. चोरी न होताही विश्वास जातो, हे आम्ही त्या वेळी शिकलो. उषवदाताने मुद्दल कोष्ट्यांकडे का ठेवले, संघाच्या हाती का दिले नाही, याचे उत्तर आम्हांला त्या छपराखाली मिळाले.

म्हणून आता समितीने योजना तीन भागांत केली आहे. सिगाल गृहस्थाला केलेल्या उपदेशात भगवान बुद्धांनी मिळकतीचे चार भाग करायला सांगितले: एक उपभोगासाठी, दोन व्यवसायात घालण्यासाठी, आणि एक अडचणीच्या दिवसासाठी राखून ठेवण्यासाठी. सगळे आजच खाऊ नये आणि सगळे पुरूनही ठेवू नये, हा त्याचा अर्थ आम्ही घेतला.

पहिला भाग स्थायी निधीचा. याचे मुद्दल कधीही खर्च करायचे नाही. देणाऱ्याकडून 'ही रक्कम स्थायी निधीसाठी' असे लेखी घ्यायचे, कारण कायद्यालाही तसे लेखी लागते. रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेत मुदत ठेवीत. आईवडिलांच्या स्मरणार्थ एखाद्या कुटुंबाने यात मोठी रक्कम दिली तर तिला त्यांचे नाव देता येईल.

येथे एक धोक्याची सूचना करतो, विशेषतः वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांनी ती नीट ऐकावी. समजा, १० लाखांचा निधी झाला आणि ७ टक्के व्याज मिळाले, तर वर्षाला ७० हजार येतील. ते सगळेच वाटून टाकले तर मुद्दल कागदावर तेवढेच राहील, पण महागाई थांबत नाही. महागाई वर्षाला ५ टक्के धरली तर २० वर्षांनी त्या ७० हजारांत आजच्या सुमारे २६ हजारांइतकेच काम होईल. म्हणजे आज जो निधी सात मुलांना पुरतो, तो तेव्हा तिघांनाही धड पुरणार नाही. निधी 'अक्षय' म्हणायचा आणि आतून वाळवी लागू द्यायची, असे होईल. म्हणून व्याजातला निम्मा भाग दरवर्षी मुद्दलात परत घालायचा आणि निम्माच खर्च करायचा, असे आम्ही ठरवले आहे. तेवढ्यानेही महागाई पुरती भरून निघत नाही, म्हणून दरवर्षी नव्या देणग्यांतली काही रक्कम मुद्दलात गेलीच पाहिजे. परदेशातली मोठी विद्यापीठेही निधीच्या किमतीची काही वर्षांची सरासरी धरून साधारण चार-पाच टक्केच खर्चाला काढतात, ती याच कारणासाठी.

दुसरा भाग चालू निधीचा. माजी विद्यार्थ्यांच्या मासिक वर्गणीतून येईल ते त्या-त्या वर्षी खानावळ, भाडे, पुस्तके यांसाठी द्यायचे. स्थायी निधी मोठा व्हायला वर्षे लागतील, पण आजचा विद्यार्थी तोवर थांबू शकत नाही.

तिसरा भाग फिरत्या निधीचा. हा त्या मुलीच्या आठवणीतून निघाला आहे. शिष्यवृत्ती मंजूर होऊन हाती येईपर्यंत फीपुरती रक्कम बिनव्याजी द्यायची, आणि शिष्यवृत्ती आली की विद्यार्थ्याने ती परत करायची. २ लाखांच्या फिरत्या निधीतून १० हजारप्रमाणे २० मुलांची परीक्षा वाचते, आणि तेच २ लाख पुढच्या वर्षी आणखी २० जणांच्या कामी येतात. जमशेटजी टाटांनी १८९२ मध्ये उच्च शिक्षणासाठी परदेशी जाणाऱ्यांकरिता जो निधी काढला, तोही कर्जाऊ शिष्यवृत्तीच्या तत्त्वावर चालतो. घेणारा फेडतो आणि पुढच्याची वाट मोकळी होते. त्याच्या अगदी सुरुवातीच्या लाभार्थींत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर होत्या. केरळातल्या एका गरीब दलित कुटुंबातले के. आर. नारायणन टाटा शिष्यवृत्तीवरच १९४५ मध्ये लंडनला शिकायला गेले आणि १९९७ मध्ये भारताचे राष्ट्रपती झाले.

आता हिशेबाचे नियम सांगतो. खाते वेगळे राहील, संस्थेच्या इतर खात्यांत मिसळणार नाही. सह्या तिघांपैकी दोघांच्या, आणि त्या तिघांत एक आपल्या महिला बचत गटाची असेल. वस्तीतले सर्वांत चोख हिशेब कोणाचे आहेत हे आपण सर्व जाणतो. लेखापरीक्षण होऊन हिशेब धर्मादाय आयुक्तांकडे जाईलच, पण त्याआधी दर बुद्धपौर्णिमेला तो विहाराच्या फळ्यावर लागेल. आयकरातील सवलतीची, ज्याला आपण 80 जी म्हणतो, ती नोंदणी आपण चालू ठेवू. मात्र २००० रुपयांवरील रोख देणगीला ती सवलत नाही आणि नव्या करप्रणालीत ती वजावट मिळत नाही, हेही आधीच सांगून ठेवतो. परदेशातल्या आपल्या बांधवांपैकी ज्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट आहे ते स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देऊ शकतात. ज्यांनी परदेशी नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी विदेशी देणगी ठरते आणि त्यासाठी वेगळी नोंदणी लागते. ती नसताना एक रुपयाही आपण घेणार नाही.

मदत कोणाला द्यायची? फक्त ९० टक्केवाल्यांना नाही. त्यांच्यासाठी सत्कार आहेत, बक्षिसे आहेत. एक विषय राहिलेला, दिवसा काम करून संध्याकाळच्या वर्गाला जाणारा, घरात पहिलाच महाविद्यालयात गेलेला मुलगा किंवा मुलगी आपल्या निधीची खरी धनी आहे. आणि एक गोष्ट आम्ही ठामपणे ठरवली आहे. देणाऱ्यांची नावे या स्मरणिकेत छापली जातील, घेणाऱ्यांची छापली जाणार नाहीत. व्यासपीठावर धनादेश देतानाचा फोटो काढला जाणार नाही. ज्या सत्कारामुळे एका आईला पुन्हा दारात यायची लाज वाटली, तो सत्कार आम्हांला परत करायचा नाही. अर्ज समितीतल्या दोघांकडेच जाईल आणि आठ दिवसांत उत्तर मिळेल.

विद्यार्थी मित्रांनो, शेवटचे बोलणे तुमच्याशी आहे. हा पैसा उपकार म्हणून घेऊ नका. तुमच्यासाठी कोणीतरी रोज एक मूठ बाजूला काढली आहे, एवढेच समजा. आम्ही तुमच्याकडून दहा वर्षांच्या नोकरीचा करार लिहून घेणार नाही. फक्त एक शब्द हवा आहे. पहिला पगार झाला की या खात्यावर जेवढे जमेल तेवढे पाठवा, शंभर रुपये का होईना, आणि ते बंद करू नका. पैशाने जमत नसेल तर रविवारी या अभ्यासिकेत येऊन धाकट्यांना गणित शिकवा, कोणाचा शिष्यवृत्तीचा अर्ज भरून द्या. तेही या निधीत जमाच धरले जाईल.

आणि सभासदहो, १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याला बाबासाहेबांनी शिकलेल्या माणसांविषयी जी खंत व्यक्त केली, ती आपण दरवर्षी भाषणांत ऐकतो आणि मान डोलावतो. त्या खंतीतला शिकलेला माणूस म्हणजे कोणी तिसरा नाही. तो या खुर्च्यांवर बसला आहे, आणि या ध्वनिक्षेपकासमोरही उभा आहे.

ती मुलगी आता संसारात आहे. आम्ही तिला मागच्या महिन्यात भेटलो. पुन्हा शिकायचे आहे का, असे विचारले. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "माझ्या मुलीचे नाव पहिलीत घातले आहे. तिच्यासाठी ठेवा." आमच्या फिरत्या निधीची पहिली पावती आम्ही त्या दिवशी फाडली. तिने स्वतः ५० रुपये दिले.

त्या पावतीपुढची पावती कोणाची, ते आता तुम्ही ठरवायचे आहे. दारापाशी टेबल मांडले आहे. बँकेतून दरमहा रक्कम वळती करण्याचे अर्ज तेथे ठेवले आहेत आणि पेनही आहे.



जय भीम! नमो बुद्धाय!